कडा आत, कोपरा बाहेर

आम्रपाली मोबाइल घरी विसरून ऑफिसला गेली आणि तो वाजला, झालं ते एवढंच. मी भांडी विसळत होतो. हात पुसून फोन कानाला लावेपर्यंत पलीकडचा माणूस बोलायलाच लागला होता. ‘मॅडम, एक सांगायचं राह्यलं बघा. ती लाल कॅप्सूल हाय ना, ती जेवल्यावर नाय घ्यायची. उपाशीपोटी घ्यायची, नायतर लागू पडत नाय. अन् घाम नारंगी आला तर भिऊ नका, माझा बी आलाता.’ मी म्हणालो, ‘मॅडम ऑफिसला गेल्यात. मी त्यांचा नवरा बोलतोय.’ पलीकडून खाकरून, ‘नमस्कार साहेब. मी साईनाथ. त्यांच्या कंपनीत ट्रान्सपोर्टला असतो, गाड्यांचं बघतो. आज माझी सुट्टी हाय, म्हणून फोन केला. तेवढं सांगा त्यांना.’ सांगतो म्हणालो. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, की नळ चालूच राहिलाय आणि आपण नुसते उभे आहोत. कसली लाल कॅप्सूल? घरात हिंगाची डबी कुठे आहे हेसुद्धा हल्ली आम्रपाली मला विचारते. माझी फॅक्टरी बंद पडल्यापासून स्वयंपाकघर, वाण्याची यादी, गॅसचा नंबर, सगळं माझ्याकडे. आणि येरवड्याच्या एका दोन खोल्यांच्या घरातली ही एवढीशी गोष्ट मला नगर रस्त्यावरचा कुणी गाडीवाला फोन करून सांगतो. वा!

कॅप्सूल तिच्या काखेसाठी होती हे न सांगता कळलं. तिला दुसरं काही झालेलंच नाही कधी. पडसंसुद्धा मलाच होतं. लग्न झालं तेव्हा ती झोपताना उजवा हात अंगाशी गच्च आवळून झोपायची. मला वाटलं, लाजते. पुढे वाटलं, मी आवडलेलो नाही. बरेच महिने मी तोंड पाडून वावरलो. एका दुपारी तिनं रडत रडत ब्लाउजची बाही वर केली आणि म्हणाली, ‘बघा आणि काय ते एकदाच बोला.’ काखेत गळू होतं. जुन्याचे वण होते, एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांच्यामधून कातडीखाली दोरी ठेवल्यासारख्या गाठी. एक फुटलं की दुसरं वर यायचं. आत कुठेतरी ते एकमेकांना मिळालेले होते. इथे दाबलं की तिथून पाणी यायचं. आणि एक वास होता. मी काय बोललो ते आठवत नाही. वास मात्र आठवतो. घाण म्हणणार नाही मी त्याला. ओल्या कपड्यांत नाणी ठेवली तर येईल तसा काहीसा. सासूबाईंना ठाऊक नव्हतं, तिच्या बहिणीला ठाऊक नव्हतं. सबंध जगात हा वास कशाचा आहे हे ओळखणारा मी एकटा. मला त्या दिवशी काय वाटलं हे खरं सांगायचं तर आनंद झाला. ह्या बाईचं काहीतरी असं आहे, जे फक्त माझं आहे.

डॉक्टर झाले की. एकानं चिरा दिला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सुकलं आणि पावसाळ्याच्या आत परत आलं. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरे मोठे होते, भिंतभर प्रशस्तिपत्रकं. त्यांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि हात न लावता म्हणाले, ‘स्वच्छता पाळत जा. साबण लावून अंघोळ करायची रोज.’ आम्रपाली दिवसातून दोनदा अंघोळ करते. तिच्या घरी सकाळी बुद्धवंदना अंघोळीशिवाय झालेली नाही कधी. तिची आई, हिराबाई, फरशी इतकी पुसायची की आम्ही चेष्टेनं म्हणायचो, ही एक दिवस फरशीतून खालच्या घरात जाणार.  रिक्षात बसल्यावर आम्रपाली म्हणाली, ‘परत डॉक्टर नाही.’ मी म्हणालो, ‘नको तर नको. मी आहे ना.’ हे वाक्य मी फार मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. त्यावर पुढची सगळी वर्षं निघाली.

कारण माझे हात त्या कामाचे होते. फॅक्टरीत मी तपासणीला होतो. घासून आलेल्या पोलादी पिना बोटांवरून फिरवायच्या, कुठे धातूचा केसाएवढा काटा राहिलाय का ते बघायचं. मोजायची यंत्रं होतीच, पण आमचे फोरमन आप्पासाहेब म्हणायचे, यंत्र नंतर, आधी बोट. तपासलेली पीन मेणकागदात बांधायची. त्याची एक घडी होती आमच्या खात्याची, दुसऱ्या कुणाला यायची नाही. कागदाच्या कापलेल्या कडा सगळ्या आत, पिनेला एकही कड लागता कामा नये, आणि एक कोपरा तेवढा बाहेर, म्हणजे उघडताना ओरबाडायला लागत नाही, कोपरा धरून ओढलं की सरळ सुटतं. मी गॉजची तशी घडी करायला लागलो. गॉजचे सुटे दोरे जखमेत चिकटतात, काढताना जीव जातो माणसाचा. कडा आत घातल्या की प्रश्नच मिटला. डाव्या हाताच्या तळव्यानं घडी दाबून धरायची, उजव्या हातानं पट्टी लावायची, आणि शेवटी कोपरा पट्टीखालून बाहेर काढायचा. सकाळी तिची बस यायच्या आधी आमचा हा कार्यक्रम. कोमट पाणी, कापूस, घडी. ती पाटावर बसायची, हात डोक्यावर ठेवून भिंतीकडे बघत बोलायची. दिवसभर न बोललेलं तेव्हा बोलायची. पगार खात्यातल्या भानगडी, नव्या पोरींची इंग्रजी, लहानपणी विहाराच्या मागच्या चिंचेवरून पडली होती ते. मला वाटतं आमचा संसार असा झालाच असेल तर त्या पाटावर झाला. पुढे फॅक्टरीवाल्यांनी आम्हांला हार घातले, नारळ दिले आणि जागा बिल्डरला दिली. मित्रांची तोंडं उतरली होती. मी फारसा हललो नाही. सकाळचं माझं काम शाबूत होतं.

आणि आता लाल कॅप्सूल.

संध्याकाळी ती आली. पर्स ठेवली, पाणी प्यायली. मी म्हणालो, ‘लाल कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची म्हणे. जेवून घेतली तर लागू पडत नाही. साईनाथ साहेबांचा निरोप आहे.’ ती खुर्चीत बसली. ‘तुम्हांला सांगणारच होते.’ ‘कधी? लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला?’ ‘अहो, ऐकून तरी घ्या.’ तिनं सांगितलं ते असं. गाड्यांच्या टेबलापाशी ती सही करायला उभी होती. हा माणूस हळूच म्हणाला, मॅडम, राग मानू नका, काखेत गळू हाय का? आम्रपाली त्याच्या अंगावर खेकसली. तो म्हणाला, तुम्ही पर्स धरता तशी मी पिशवी धरतो, म्हणून इचारलं. त्याला तेच होतं. दोन्ही काखांत, कॉलेजपासून. तो औंधच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जात होता. त्या बाईंनी आम्रपालीला पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्याचा अस्वच्छतेशी काही संबंध नाही, तुमची काही चूक नाही. ‘मी तिथे बसून रडले,’ आम्रपाली म्हणाली. ‘कातडीच्या आत खोल मुरलेलं असतं म्हणे, पाच दिवसांच्या गोळ्यांनी वरवरचं जातं, मुळाशी पोचतच नाही. दोन वेगवेगळ्या कॅप्सूल, तीन महिने, एकही दिवस न चुकता. मध्ये लिव्हर तपासायचं. मी तुम्हांला बरं होऊनच दाखवणार होते. किती वेळा आशा लावायची तुम्हांला?’ मी म्हणालो, ‘बरं केलंस.’ खरोखर म्हणालो. पण आत काय चाललं होतं? मला लग्नानंतर महिनेच्या महिने लागले, तेही तिनं दाखवलं म्हणून. ह्या माणसाला पर्स बघून कळलं. उभ्या उभ्या. त्याला ते आतून कळलं, आणि मला कितीही वर्षं कापूस धरला तरी आतून कळणार नव्हतं, हा हिशेब कुठेच जमेना.

दोन दिवसांपूर्वी तिच्या गॉजवर नारंगी डाग होता. मी घाबरलो होतो, जखम बिघडली म्हणून. तिला न दाखवता तो कागदात गुंडाळून टाकला होता. म्हणजे ते औषध होतं. आता मला सगळीकडे नारंगी दिसायला लागलं. तिच्या पांढऱ्या ब्लाउजच्या काखेत, उशीच्या अभ्र्यावर, एकदा कांदा चिरताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तर तेही फिकट नारंगी. ती हसली, ‘बघा, केशराचं पाणी.’ मी हसलो नाही. माझ्या मनात एकच, त्या साईनाथचाही घाम असाच आला होता. हे दोघं एका रंगाचे झाले होते. एका दुपारी घरात कुणी नसताना मी शर्ट काढून आरशासमोर उभा राहिलो आणि गॉजची घडी करून स्वतःच्या काखेत लावून बघितली. कसं वाटतं ते बघू म्हटलं. घोड्यासारखा धडधाकट माणूस मी, केस चिकटून नुसती आग झाली. आणि एका हातानं ते जमेचना. पट्टी लावावी तर घडी सरकायची, घडी दाबावी तर कोपरा आतच राहायचा. बराच वेळ झटलो. शेवटी बोळा करून टाकून दिला आणि खिडकीतून कुणी बघितलं तर नाही ना, हे पाहून घेतलं.

मी तिच्याबरोबर औंधला गेलो. म्हणजे मी आग्रह धरला. बाकावर तो बसलेला होता. मी मनात रंगवला होता तसा नव्हता, हेही एक. पंचविशी उलटलेला, टक्कल पडायला लागलेला, पोट सुटलेला. ह्यांच्या गावची जमीन आयटीवाल्यांनी घेतली, तिथेच काचेच्या इमारती झाल्या आणि तिथेच हा गाड्या मोजायला लागला. बसला होता तो मात्र अगदी तिच्यासारखा, कोपर अंगापासून जरासं दूर, जणू काखेत अंडं धरलंय. आम्रपाली त्याच्या शेजारी जाऊन बसली, मी उभाच. दोघं बोलायला लागले. रिक्षात दांडा धरता येत नाही. लग्नात लोक हात वर करून नाचायला ओढतात. उन्हाळ्यात बायका किती जवळ बसतात. एक अर्धं वाक्य टाकायचा, दुसरा पुरं करायचा आणि हसायचे. हसायचे हो! मी इतकी वर्षं पाटावर बसून हे दुःख पुसलं, मला वाटलं ह्यात हसण्यासारखं काही नाही. हे सांगायला हवं होतं मला कुणीतरी. साईनाथ मला म्हणाला, ‘साहेब, मॅडम लई सांगतात तुमचं. नशीबवान हाय म्हणतो मी त्या. आमच्या घरी आईनंच माझं ताट वेगळं केलंय.’ मी म्हणालो, ‘हं.’ माझं तिनं ह्याला काय सांगितलं असेल, ह्याचाच मी घरी येईपर्यंत विचार करत होतो.

औषध लागू पडलं. असं पडलं की मला बघवेना. आधी पाणी यायचं थांबलं. मग गाठी बसल्या. सकाळी मी कोमट पाणी घेऊन यायचो, ती हात वर करायची, मी बघायचो आणि म्हणायचो, ‘आज नको लागणार.’ एक दिवस तिनं पाटच मांडला नाही. भिंतीशी उभी राहून चहा प्यायली आणि गेली. त्या सकाळचं बोलायचं ते पाटावर राहिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आठवड्याला बोटांनी चाचपून बघत जा, नवी गाठ नाही ना. ते मात्र ती माझ्याकडूनच करून घ्यायची, म्हणायची, ‘तुमच्या बोटांना जे कळतं ते मशीनला नाही कळणार.’ मी डोळे मिटून चाचपायचो. वणांच्या वरून, खालून, कडेकडेनं. आणि मला गाठ सापडावी असं वाटायचं. मोहरीएवढी. एखादीच. आपल्याच बायकोच्या काखेत रोग शोधतोय आणि सापडत नाही म्हणून हिरमुसतोय, ह्या माणसाला काय म्हणायचं? ‘काही नाही,’ मी म्हणायचो. ती माझ्या गालावर हात ठेवायची. दिवाळीच्या सुमाराला तिनं बिनबाह्यांचा ड्रेस घेतला, आयुष्यातला पहिला. आरशासमोर हात वर करून, खाली करून, पुन्हा वर करून बघत होती. मला इतकं छान वाटलं आणि इतकं वाईट वाटलं, की मी बाजारात जातो म्हणून निघालो आणि मार्केट यार्डापर्यंत जाऊन नुसतं आलं घेऊन परत आलो. आलं घरात भरपूर होतं.

त्यातल्या त्यात मनात एक गारवा होता. साईनाथचं औषध बंद करावं लागलं होतं. आम्रपालीनंच सांगितलं, डोळे भरून. त्याचं लिव्हर बिघडलं, कावीळ झाली, बाईंनी दोन्ही कॅप्सूल थांबवल्या, आता आधी ते सुधारायचं आणि मग दुसरं काही. इतक्यात त्याचं सगळं उलटलं, दोन्ही काखा फुटल्या. मी ‘अरेरे’ म्हणालो. म्हणजे आता ते दोघं एका रंगाचे नव्हते. ती बरी, तो आजारी. मला वाटलं, संपलं हे प्रकरण. मी त्या आठवड्यात शीळ घालत भाजी चिरली. ती शनिवारीही ऑफिसला जायला लागली होती, महिनाअखेर आहे, पगाराचं काम आहे म्हणाली. मी डबा करून द्यायचो.

अशाच एका रविवारी विहारातून आल्यावर ती म्हणाली, ‘अहो, साईनाथला बोलावलंय मी. जरा बघाल का त्याचं? त्याला बघणारं घरात कुणी नाही हो. आई हात लावत नाही.’ मी काही म्हणायच्या आत बेल वाजली. तो दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. कशाचे पेढे हे त्यालाही ठाऊक नसावं. पिवळा पडला होता, खांदे पडले होते. मी पाट मांडला. तिचाच पाट. आम्रपाली आत चहा टाकायला गेली. त्यानं शर्ट काढला आणि भिंतीकडे तोंड करून हात डोक्यावर ठेवला. ह्यांच्या गावात माझ्या आजोबांच्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं, आणि हा काख उघडून माझ्यासमोर बसला होता. मला ते बरं वाटायला हवं होतं. पण त्याआधी वास आला. ओल्या कपड्यांतल्या नाण्यांचा. तोच. रतीभरही फरक नाही. इतकी वर्षं मी ज्याला आम्रपालीचा वास समजत होतो, फक्त तिचा आणि फक्त माझ्या ओळखीचा, तो ह्या जाड्या माणसाच्या अंगातून येत होता. तो रोगाचा वास होता. कुणाचाही असू शकतो.  मी कोमट पाण्यात कापूस बुडवला.

तेव्हा मला पट्टी दिसली. आदल्या दिवशीची असावी, कडेनं मळली होती. मी ती काढायला नख लावलं आणि थांबलो. पट्टीखालून एक कोपरा बाहेर आला होता. मी कोपरा धरून ओढला, गॉज सरळ सुटून हातात आला. उलटा करून पाहिला. कडा सगळ्या आत. एकही दोरा सुटा नाही. मी ती घडी तळहातावर ठेवून बघत राहिलो. दुसऱ्या काखेत पाहिलं, तिथेही तशीच. ‘ही पट्टी कोण लावतं तुम्हांला?’ मी विचारलं. त्याच्या मानेवरची शीर हलली. आत चहाच्या भांड्यात चमचा वाजत होता, तो थांबला. ‘मीच की साहेब,’ साईनाथ भिंतीकडे बघत म्हणाला. ‘मॅडमनी घडी शिकवली, तुमची म्हणून. आता मीच लावतो. एका हातानं जमतं सवयीनं.’

एका हातानं जमत नाही. मला माहीत आहे.

आतून चमच्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही. ती तिथे ओट्याला धरून उभी असणार, हे मला भिंतीपलीकडून दिसत होतं. आता विचारलं तर ती खोटं बोलणार नाही, हेही माहीत होतं. ऑफिसातल्या औषधपेटीच्या खोलीत, शनिवारी, डावा तळवा दाबून, उजव्या हातानं तीच लावत असणार. तो हात डोक्यावर ठेवून भिंतीकडे बघत बोलत असेल. आणि ती ऐकत असेल. ती माझ्या जागेवर बसली होती. मला ओरडायचं होतं. पुडा, पाणी, पाट सगळं उचलून त्याच्यासकट जिन्यावरून खाली फेकायचं होतं. बोटं मात्र आपलं काम करत होती. पुसलं, सुकवलं, गाठी कुठवर गेल्यात ते चाचपलं. खोल होत्या. त्याला दुखलं असणार. मी नवा गॉज घेतला, कडा आत घातल्या, दाबून धरला, पट्टी लावली, कोपरा बाहेर काढला. दोन्हीकडे. माझ्या घडीत आणि तिच्यात काही फरक नव्हता. चांगली शिकली होती.

मग मी जरा मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणालो, ‘उद्यापासून रोज सकाळी इकडेच येत जा. ऑफिसात नको. मी करीन.’

आम्रपाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. पाणी आता साधं होतं, बिनरंगाचं. ट्रे ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. ‘किती मोठं मन आहे हो तुमचं,’ ती म्हणाली. साईनाथनंही मान वळवली आणि नाक ओढलं. मी ती जुनी घडी मुठीत घट्ट धरली होती. त्याचा हात अजून डोक्यावरच होता, बिचारा विसरला होता.

‘घ्या आता हात खाली,’ मी म्हणालो.